बगदादची रूबी

टोरोंटो, १८ फेब्रुवारी १९७४

सौ. मिल्का हिस, रूबीताईचा शालोम.

सायनचं कार्ड मिळालं. तुम्ही तिघं विनिपेगला सुखरूप पोचलात, आबांना प्रवास झेपला, वाचून बरं वाटलं. पण साऱ्या कॅनडात तुम्हाला नेमकं विनिपेगच कसं सापडलं? सायन लिहितो, बसच्या कारखान्यात नोकरी तिथेच मिळाली. असेल. ज्या गावात मी पहिली सहा वर्षं संसार केला, जिथे मॉरिसची सख्खी बहीण राहते, तिथे येण्याआधी मला एका शब्दाने तरी विचारायचं होतं.

आता आलाच आहात तर नीट ऐक. उत्तर वरच्याच पत्त्यावर टाक, तो मी नोकरी करते त्या इस्पितळाचा आहे. घरी पत्र नको, फोन तर मुळीच नको. मॉरिसला घरात मराठी अक्षरं पडलेली आवडत नाहीत.

त्याची बहीण बेला तुम्हाला भेटेलच. तिथल्या ज्यू मंडळींत शनिवारच्या प्रार्थनेनंतर बायकांचं सगळं तीच बघते. तिच्या मनात आलं तर दोन महिन्यांत तुम्ही त्यांच्यातले व्हाल, नाही आलं तर दहा वर्षं दाराशी उभे राहाल. तिला सांग, तुम्ही मुंबईचे, आमच्या लांबच्या नात्यातले. त्यापुढे एक अक्षर नको. तुला बोलायची खोड आहे म्हणून लिहिते. प्रार्थनेच्या जागेला मशीद म्हणू नका, ते आपल्या कोकणात ठीक. केसांना खोबरेल चोपडून जाऊ नकोस. साडीवर तो पुरुषी स्वेटर घालू नकोस, फोटोत पाहिला मी. आणि आबांना दर शनिवारी न्यायची काही गरज नाही. बर्फावर पडले तर कोण बघणार आहे?

रूबी


विनिपेग, ५ मार्च १९७४

ती. रूबीताईंस, मिल्काचा शालोम.

तुमचं पत्र उलटसुलट करून पाहिलं. वाटलं, एखादं पान वाटेत पडलं असेल, ज्यात तुम्ही 'आबा कसे आहेत' असं विचारलं असेल. तेवीस वर्षांनी बाप तुमच्या देशात आला आणि तुम्हाला काळजी माझ्या खोबरेलाची!

तो स्वेटर तुमच्या भावाचा आहे. इथे पोचलो त्या दिवशी नाकातलं पाणी गोठलं. त्यानंतर मला कोणी पुरुषी म्हणो की बायकी.

बेलाबाई भेटल्या. उंच, चष्म्याला साखळी, बोलताना आपल्या कपाळाकडे बघतात. म्हणाल्या, "रूबीच्या नात्यातले का? किती लांबच्या?" मी म्हटलं, "मुंबई ते विनिपेग, एवढ्या." कोणी हसलं नाही. बाकी बायकांनी मला डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं आणि एकीने विचारलं, "तुम्ही पूर्वी हिंदू होतात ना?" मी म्हटलं, "आमचे लोक नवगावच्या किनाऱ्याला लागले तेव्हापासून शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवतायत बाई, तुमच्या विनिपेगला तेव्हा कोणी नावही ठेवलं नव्हतं." नंतर त्यांनी खारवलेला मासा आणि मधाचा केक मांडला, तिथे मी रात्रभर खपून केलेला गव्हाच्या चिकाचा हलवा ठेवला, चांगला गुलाबी झाला होता. थोड्या वेळाने हात धुवायला गेले तर माझ्या तीन वड्या बेसिनपाशी बशीत ठेवलेल्या. साबण वाटला त्यांना.

आबा मात्र दर शनिवारी जातात. सायनच्या दंडाला धरून पाऊण तास चालत. तिथे त्यांना एकही सूर ओळखीचा नाही, तरी शेवटपर्यंत उभे असतात. रोज संध्याकाळी एकच प्रश्न: रूबी कधी येते? काय सांगू ते तुम्हीच लिहा.

मिल्का


टोरोंटो, १४ मार्च १९७४

मिल्का,

तुझा विनोद तिथे कोणाला कळत नाही आणि मलाही आवडत नाही. नवगाव, घाणा, हे बोलू नकोस म्हणून बजावलं होतं ना? पहिल्याच शनिवारी तेल्याची गोष्ट! हलवा नेलास का मुळात? त्यांनी मागितला होता?

आबांना सांग, मला सुट्टी नाही. १६ जूनला आमच्या नेओमीचं लग्न आहे, मुलाचे वडील इथले मोठे डॉक्टर आहेत, मला श्वास घ्यायला वेळ नाही. लग्नाचं आबांना सांगू नकोस. पाहुणे मोजके आहेत आणि त्यांना उगाच आशा नको.

त्यांना गरम कपडे पाठवते. मॉरिसचे जुने कोट आहेत, चांगले आहेत.

रूबी


विनिपेग, २ एप्रिल १९७४

ती. रूबीताईंस,

कोट मिळाले. आबांनी एकही घातला नाही. खिशात हात घातला, म्हणाले, "पत्र नाही काही?" आणि घडी करून ठेवले.

आता मी तुम्हाला एक गंमत सांगते. वल्हांडणाच्या सणाआधी बेलाबाईंनी मला त्यांच्या स्वयंपाकघराच्या साफसफाईला बोलावलं. बोलावलं म्हणजे मान दिला, असं मला वाटलं. जुनी भांडी काढता काढता त्या गुणगुणायला लागल्या. म्हणाल्या, "रूबी नेओमीला हे गाऊन झोपवायची. अरबी अंगाई आहे, बगदादची." मी ऐकलं आणि माझ्या हातातलं झाकण खाली पडलं. ताई, त्या अंगाईत चिऊ होती, काऊ होता आणि मेणाचं घर होतं! बगदादला चिऊताई कधीपासून राहायला गेली?

मग त्यांनीच सगळं सांगितलं. रूबीचे वडील बगदादचे मोत्यांचे व्यापारी. मुंबईला त्यांचा मोठा बंगला. आई लहानपणीच गेलेली, वडील सन पन्नासात वारले. "राजबिंडे होते म्हणे," असं म्हणाल्या. तुमचं मुंबईचं नाव नुसतं रूबी सॅम्युएल, त्यामुळे आमच्या नवगावकर आडनावाशी कोणी ते जोडलं नाही. मी घरी आले तेव्हा ते राजबिंडे व्यापारी फाटक्या बनियनवर बसून माझ्यासाठी कांदा चिरत होते.

बगदादीच व्हायचं होतं तुम्हाला? आपल्या हातचं पाणी प्यायला खळखळ करायचे, ते? आई गेली तेव्हा तुमचं उत्तर बावीस दिवसांनी आलं, तेही चार ओळींचं. तेव्हा मी तुमच्या भावाला म्हटलं होतं, परदेशात वेळ मिळत नसेल. आज कळलं, मेलेल्या बाईच्या मरणाला कोण लगबगीने पत्र लिहितं!

तुमच्या भावाला हे सांगितलं. ते बूट घालून बाहेर गेले आणि दोन तासांनी परत आले. आबांना मी काही सांगितलेलं नाही. तुमची पत्रं पिठाच्या डब्यामागे ठेवते. आणि हो, आबांनी मुंबईहून निघताना नवस केलाय, लेकीचं तोंड दिसलं की एलियाहू हनाबीच्या नावाने मलिदा करीन. पोहे त्यासाठी गाठोड्यात बांधून आणलेत. ते रोज उन्हात घालतात. ऊन नसलं तरी खिडकीत ठेवतात.

मिल्का


टोरोंटो, १० एप्रिल १९७४

मिल्का,

होय, मी सांगितलं. आता तू मला न्यायाधीशासारखं विचारू नकोस.

मी तेवीस वर्षांची होते. त्या शहरात आपल्यातलं एकही माणूस नव्हतं. तुझ्यासोबत नवरा आहे, सासरा आहे, गाठोड्यात पोहे आहेत. माझ्याकडे एक पेटी होती. मॉरिसच्या आईने पहिल्याच जेवणाला, वीस माणसांसमोर, मला विचारलं, "तुमच्या लोकांनी धर्म कधी बदलला?" मी म्हटलं, कधीच नाही. ती हसली. सगळं टेबल हसलं. मग टेबलाच्या टोकाचा एक म्हातारा म्हणाला, "मुंबईला बगदादी ज्यू आहेत, मोठी घराणी, ही त्यांतली असेल." सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी 'हो' म्हटलं. एवढंच केलं मी. त्या एका 'हो'वर माझं लग्न झालं, माझी मुलगी वाढली. बाकीचं लोकांनी विचारत विचारत माझ्याकडून वदवून घेतलं.

तुला शनिवारी एकदा साबणाची बशी बघावी लागली तर तू चार पानं लिहितेस. मी असल्या शंभर बशा पाहिल्यात.

मलिदा करायचा नाही. ताटात पोहे, नारळ, वर पाच फळं आणि फूल, हे बघून ते काय म्हणतील? मूर्तीचा प्रसाद म्हणतील. आणि मग विचारतील, रूबीने कधी का केलं नाही. आबांना काहीही सांग. नारळ मिळत नाहीत म्हण. १६ जूनपर्यंत गप्प बैस, एवढंच मागते. या लग्नात काही विघ्न आलं तर मी तुला जन्मात क्षमा करणार नाही.

रूबी


विनिपेग, २५ एप्रिल १९७४

ती. रूबीताईंस,

नारळ मिळाले. तीन घेतले, एक नासका निघाला.

तुमचं पत्र वाचून मला तुमची कीव आली, हे खरं आहे. पण ती फार वेळ टिकली नाही. त्या बायकांनी तुम्हाला हसून वाईट केलं, मान्य. म्हणून तुम्ही बाप मारलात? हसणाऱ्यांना जिवंत ठेवलंत आणि कांदा चिरणाऱ्याला मारलंत? मलाही त्या हसतात. मी घरी येऊन रडते आणि पुढच्या शनिवारी पुन्हा खोबरेल लावून जाते. मला वेणी घालायला दुसरं काही येत नाही.

आबांना आता दम लागतो. परवा म्हणाले, "रूबी येईल तेव्हा येईल, मलिदा आधी करून घेऊ. हनाबी समजून घेईल." २ मेला, गुरुवारी, करतोय. आबांनी स्वतः जाऊन बेलाबाईंना आणि आणखी सात जणांना आमंत्रण दिलंय. मी त्यांना थांबवलं नाही, थांबवणारही नाही.

आणि आता साफ लिहिते. मी आपणहून काही सांगायला जाणार नाही. पण माझ्या घरात, माझ्या ताटाशी बसून कोणी विचारलं, की रूबी या म्हाताऱ्याची कोण, तर मी खोटं बोलणार नाही. तुम्हाला भीती वाटत असेल तर गाडीत बसा आणि या. बापाशेजारी बसून काय सांगायचं ते तुम्हीच सांगा.

मिल्का


तार. विनिपेग, २० मे १९७४

आबांची प्रकृती गंभीर. हृदयाचा झटका. ताबडतोब या. सायन.


टोरोंटो, २४ मे १९७४

मिल्का,

तार मिळाली. मी येत नाही. सायनला सांग, आणि कारणही तूच सांग, कारण ते तुझ्यामुळे आहे.

तुमच्या त्या मलिद्यानंतर आठ दिवसांत बेलाचं पत्र आलं. जाडजूड, चार तिकिटं लावलेलं. सतरा वर्षांत तिने मला वाढदिवसाच्या कार्डापलीकडे काही पाठवलेलं नाही. त्यात काय आहे ते कळायला मला ते फोडावं लागलं नाही. मी ते तसंच शेगडीवर धरलं. त्यानंतर तिने दोनदा फोन केला, मी मॉरिसला सांगितलं, घरी नाही म्हण. तो आता माझ्याकडे विचित्र बघतो. रोज इस्पितळातून घरी जाताना वाटतं, आज दार उघडलं की तो विचारणार.

मिळालं तुला हवं ते? बगदादची रूबी तेलीण निघाली, सगळ्या गावाने ऐकलं? आता तुला मधाच्या केकच्या टेबलावर चांगली जागा मिळाली असेल. तुझ्या जिभेला हाड नाही हे मला सायनच्या लग्नातच कळलं होतं. आईलाही मी तेव्हा म्हटलं होतं, पेणची ही मुलगी घर मोडील.

मी आले तर बेला मला स्टेशनावरच गाठेल. सगळ्यांसमोर. नेओमीच्या लग्नाला तीन आठवडे राहिलेत. आबांना डॉक्टर चांगले आहेत, तिथलं इस्पितळ मला माहीत आहे, माझ्यापेक्षा ते त्यांचं जास्त करतील. लग्न झालं की मी येईन. त्यांना सांग, जूनअखेर.

या पत्राला उत्तर पाठवू नकोस.

रूबी


विनिपेग, ९ जून १९७४

ती. रूबीताईंस,

उत्तर पाठवू नकोस म्हणालात, तरी पाठवते. आबा ३० मेला पहाटे गेले. दुसऱ्या दिवशी इथल्या ज्यू दफनभूमीत त्यांना नेलं. सात दिवस तुमचे भाऊ सुतकात जमिनीवर बसले. ते संपल्यावर मी हे लिहायला बसले आहे.

बेलाबाईंचं पत्र जाळायला नको होतं. त्यात काय होतं ते मी सांगते, कारण टाकण्याआधी त्यांनी ते मला मोठ्याने वाचून दाखवलं होतं.

मलिद्याच्या दिवशी आठही माणसं आली. ताट मधे ठेवलं. सब्जा नव्हता म्हणून वासाला पुदिन्याची काडी ठेवली. आबांनी उभं राहून सगळी प्रार्थना एकट्याने म्हटली, दम लागत होता तरी मला खुर्ची देऊ दिली नाही. फळं हातात देताना ते प्रत्येकाला आशीर्वाद म्हणायला लावत होते, आणि त्यातला एक आशीर्वाद त्या लोकांना आपल्यासारखाच पाठ होता. मग सगळ्यांनी तो एकत्र म्हटला. प्रसाद कोणी म्हटलं नाही ताई. एका म्हाताऱ्याने दोनदा मागून खाल्लं. आणि मग बेलाबाईंनी विचारलं, तुम्ही भीत होतात तेच. "आजोबा, आमची रूबी तुमची कोण?"

मी तोंड उघडलं होतं. खोटं नाही लिहीत, मी सांगणारच होते. वाक्यही ठरवून ठेवलं होतं. पण आबांनी माझ्या मनगटावर हात ठेवला आणि त्यांच्या टपालखात्याच्या इंग्रजीत सांगितलं, "नातं म्हणायचं आपलं, मी रूबीबाईंच्या वडिलांकडे नोकर होतो. चाळीस वर्षं. फार मोठा माणूस. रूबीबाई लहान असताना माझ्या खांद्यावर बसून शाळेत जायच्या."

बेलाबाईंनी चष्मा काढून डोळे पुसले. तुमचे भाऊ उठून मोरीत गेले आणि नळ सोडून उभे राहिले.

मी आबांना कधीच काही सांगितलं नव्हतं. त्या संध्याकाळी मी त्यांच्यावर ओरडले, आयुष्यात पहिल्यांदा. तेव्हा म्हणाले, "अगं, जन्मभर मी टपाल लावलं. लेक स्वतःच्या घरात राहते आणि पाकिटावर पत्ता इस्पितळाचा घालते, म्हणजे घरात तिचा बाप नाही. मशिदीत त्या बाईने मला मोत्यांच्या व्यापाऱ्याची गोष्ट पहिल्याच महिन्यात सांगितली. मी म्हटलं, हो, फार मोठा माणूस होता."

बेलाबाईंनी त्या जाड पत्रात हेच लिहिलं होतं. की रूबी, तुझ्या वडिलांचा जुना इमानी नोकर आमच्या गावात आहे, थकलाय, तुझं नाव निघालं की त्याचा चेहरा उजळतो. तू एकदा येऊन त्याला भेट. माझी वरची खोली तयार करून ठेवली आहे, मॉरिसला मी समजावीन. पुढची तीन पानं त्यांनी आबांचंच कौतुक लिहिलं होतं. दोन फोन केले तेही तेच सांगायला, आबांना झटका आल्यावर.

कळतंय का तुम्हाला? कोणाला काही कळलेलं नाही. आजही नाही. तुम्ही आला असतात तर बेलाबाईंनी तुम्हाला स्टेशनावर मिठी मारली असती. साऱ्या मंडळींनी म्हटलं असतं, किती मोठ्या मनाची, नोकराला बघायला एवढ्या लांबून आली. तुम्ही दिवसभर त्यांच्या उशाशी बसला असतात, हात धरला असतात, रडला असतात, तरी कोणी तुम्हाला एक प्रश्न विचारला नसता. तुम्हाला येता यावं म्हणूनच केलं त्यांनी ते.

आणि आमची जागा विचारलीत ना केकच्या टेबलावरची? सांगते. आम्ही आता तुमच्या घरच्या नोकराची मुलं आहोत. सगळे फार प्रेमाने वागतात. जुने कपडे देतात. शनिवारी जेवण झालं की कप माझ्या पुढ्यात आणून ठेवतात, न विचारता. मी धुते. पुढेही धुईन, कारण तुमच्या भावाने आबांना शब्द दिलाय की या गावात कोणी कधी खरं बोलायचं नाही. हे मी तुमच्यासाठी करत नाही, हे नीट लक्षात ठेवा. तुमचं लग्नकार्य सुखाने होऊ दे. तुमच्या मुलीने माझं काही वाईट केलेलं नाही.

शेवटचे नऊ दिवस आबा रोज सकाळी दाढी करून घ्यायचे. तुमचं पत्र २८ तारखेला आलं. मी त्यांना वाचून दाखवलं नाही. म्हटलं, उद्या येतायत. मीही खोटं बोलले, एकदाच. ते ऐकल्यावर त्यांनी तुमच्या भावाला जवळ बोलावलं आणि बजावलं, "रूबी दारातून आत आली की मी तिला बाईसाहेब म्हणणार आहे. बाहेर कोणीतरी असेलच. तू हसू नकोस हं." मग डोळे मिटून पडल्या पडल्या ते हळूच म्हणून बघत होते, "या बाईसाहेब. या बाईसाहेब. बसा." 

मिल्का